दारातला धूर

"दिवसाला किती ओढता?" डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, आणि तिला आधी वाटलं, ते श्वासाबद्दलच बोलताहेत. कारण अर्धा तास तेच चाललं होतं. नाकाला चिमटा, दातांत पुठ्ठ्याची नळी, आणि शेजारी उभी राहिलेली ती तपासणीवाली पोरगी घोड्यावर पैज लावल्यासारखी ओरडत होती, ओढा, ओढा, अजून ओढा, आता सोडा, सोडा, सोडा. तीनदा ओढून सोडून तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. मग प्रश्नाचा अर्थ डोक्यात शिरला आणि ती हसली. कोणी काही विचारलं की आधी हसायचं, ही एकोणीस वर्षांची सवय. मी नाही ओढत, ती म्हणाली. डॉक्टरांनी आता मान वर केली आणि खोटं बोलणाऱ्या माणसाकडे शांतपणे बघावं तसं बघितलं. कधीच नाही? कधीच नाही. घरात कोणी? नवरा चहासुद्धा मोजून एकदा घेतो, ती म्हणाली. कामावर? कामावर सगळे बाहेर ओढतात.

"बाहेर म्हणजे कुठे?"

"दाराबाहेर."

"आणि तुम्ही कुठे बसता?"

"दाराच्या आत," ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून ते ऐकल्यावर तिचं हसू जागच्या जागी वाळलं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद उलटा करून फुफ्फुसाचं चित्र काढलं, झाडासारखं, आणि बारीक फांद्यांवर पेनाचं टोक टेकवून सांगितलं की या अशा अरुंद झाल्या आहेत. वीस वर्षं ओढणाऱ्या माणसाच्या होतात तशा. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं. तोंडातून छातीत मारायचा औषधाचा एक पंप लिहून दिला, तो कसा दाबायचा ते दाखवलं, आणि ती उठताना सहज म्हणाले, जमलं तर तिथली जागा बदला. दवाखान्यातून बाहेर पडून ती फुटपाथवर नुसती उभी राहिली. माणसं बाजूने जात होती. एकाच्या बोटांत पेटलेली सिगारेट होती. तो तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला, आणि तिच्या मनात आलं की हात पुढे करावा, ती काढून घ्यावी आणि त्याच्याच शर्टाच्या खिशात घालावी. एवढा स्वच्छ, एवढा सरळ विचार तिला आयुष्यात कधी आला नव्हता. ती घाबरली नाही. उलट वाटलं, हा कुठे होता इतके दिवस.

ती एका सातमजली इमारतीत काम करत होती. पुलांचे आणि पाण्याच्या पाइपांचे आराखडे काढणारी कंपनी. तळमजल्यावर प्रवेशदारासमोर अर्धगोल टेबल, टेबलामागे ती. येणाऱ्याचं नाव रजिस्टरात लिहायचं, वर फोन लावायचा, गळ्यात अडकवायचं कार्ड द्यायचं, जाताना ते परत घ्यायचं. सगळी इमारत तिला ताई म्हणत असे. सातव्या मजल्यावरचे थोरले इंजिनिअर, जे तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते, तेही ताईच म्हणत. दार काचेचं, दोन पाखांचं, आपोआप उघडणारं. वर एक लाल डोळा होता, खाली काही हललं की तो पाखं सरकवायचा. आता त्या डोळ्याला कोण आत येतंय आणि कोण नुसती राख झटकतंय हे कसं कळणार. बाहेरच्या छताखाली पाचसहा जण उभे असत, एखादा हात हलवून बोलायला लागला की दार उघडे, कोणी आत येत नसे, फक्त धूर येई. छत बुटकं, धूर वर जायला जागा नाही, आणि आतलं थंड हवेचं यंत्र बाहेरची हवा ओढून घेणारं. सकाळी नऊची एक पाळी, अकराची एक, जेवणानंतरची सगळ्यात मोठी, मग चार, मग सुटताना. त्या दिवशी दवाखान्यातून कामावर परत जाताना तिने हिशेब करून पाहिला की दार दिवसातून किती वेळा उघडतं आणि मध्येच सोडून दिला, कारण त्याबरोबर दुसराच आकडा वर यायला लागला. काच सरकली की हसायचं, हे तिच्या कामात होतं. म्हणजे जितक्या वेळा धूर आत आला, तितक्या वेळा ती त्याच्याकडे बघून हसली होती.

बाहेर एक पाटी होती. दारापासून नऊ मीटरच्या आत धूम्रपान करू नये. ती पाटी सहा वर्षांपूर्वी तिनेच टाइप केली होती, तिनेच वॉचमनकडून लावून घेतली होती. ओढणारे त्या पाटीला पाठ टेकून उभे राहत. पाटीखालीच वाळूने भरलेली लोखंडी कुंडी होती, थोटकं विझवायची. म्हणजे पाटी सांगत होती इथे ओढू नका आणि कुंडी सांगत होती इथे विझवा, आणि दोन्ही एकाच कार्यालयाने, एकाच सहीने मागवलेल्या. हे तिला आज दिसलं. सहा वर्षं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि आज दिसलं, याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने इमारतीच्या इलेक्ट्रिशियनकडून मोजायची टेप मागून घेतली. नऊ मीटर कुठवर येतात ते बघू या. टेपचं टोक दाराच्या उंबऱ्यात अडकवून ती चालत गेली, आणि नऊ मीटर संपले ते पार गाड्या लावायच्या जागेत. तिथे तिने खडूने एक रेघ मारली. छताखालचे सगळे बघत होते. त्यातला एक म्हणाला, काय ताई, लंगडी खेळायची का. सगळे हसले, आणि तीही हसली. हे तिला टेबलापाशी येऊन बसल्यावर समजलं, की मीही हसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं. संध्याकाळपर्यंत रेघ गाड्यांच्या टायरांनी पुसून गेली होती.

घरी नवऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरीही तसाच बोलायचा, आधी समोरच्याचं पूर्ण होऊ द्यायचा. मग म्हणाला, डॉक्टर म्हणताहेत ना जागा बदल, मग बदल. तब्येतीपेक्षा टेबल मोठं आहे का. त्यात चुकीचं काही नव्हतं. त्याच्या बोलण्यात कधीच चुकीचं काही नसे, आणि आज नेमकं त्यामुळेच तिचं पित्त खवळलं. तिने भांडी घासायला घेतली आणि इतकी आपटली की तो आतून विचारायला आला, काही पडलं का. नाही, ती म्हणाली, काही पडलं नाही. जागा बदल. जागा बदल. पाण्याच्या धारेखाली पातेलं धरून ती ते शब्द घोळवत होती, आणि अचानक आठवलं की हे आपण आधी ऐकलंय.

दीड खोलीचं घर. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे, संध्याकाळी घरी येऊन खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि पहिली पेटवायचे. काडेपेटी नेऊन द्यायचं काम तिचं. तिला तो वास आवडायचा. आवडायचा म्हणजे जीव की प्राण, वडील घरी आले याचा तोच वास होता, शाईचा आणि तंबाखूचा मिळून झालेला, आणि त्यात ते तिला दिवसभरात सापडलेल्या छपाईच्या गमतीजमती सांगत, कुठल्या तरी लग्नाच्या आमंत्रणात 'वर' ऐवजी 'खर' कसा पडला होता ते सांगताना स्वतःच हसून ठसकत. आई आतल्या अर्ध्या खोलीत खोकत असे. आईचा खोकला घरातल्या घड्याळासारखा होता, चालू असेपर्यंत कोणाला ऐकू येत नसे. मग एका वर्षी आईचं अंथरूण बाहेरच्या गॅलरीत गेलं. एका बाजूला पत्रा ठोकला, एका बाजूला पडदा. हिला मोकळी हवा बरी, असं कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते तिला आजवर आठवत नव्हतं, आणि आता पातेलं हातात धरून ती आठवायला गेली तर सापडलं की कोणी एकाने म्हटलंच नव्हतं. वडिलांनी नाही, आत्याने नाही, डॉक्टरने नाही. ते घरात आपोआप ठरलं. वडिलांची खुर्ची होती तिथेच राहिली. आईची उशी गॅलरीत नेऊन ठेवली ती तिने, अकरा वर्षांच्या मुलीने, काखेत धरून, मोठं काम करतोय अशा ऐटीत. आई म्हणाली, किती छान वारं येतंय बघ इथे. आई हसली होती. आठ वर्षांनी आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, नाजूकच होती पहिल्यापासून. वडील रडले, खूप रडले, आणि मग खिडकीपाशी बसून त्यांनी एक पेटवली, आणि काडेपेटी तिनेच नेऊन दिली. तिने पातेलं उपडं घातलं. वडिलांचा राग आणू पाहिला तर येईना. त्यांची पिवळी पडलेली दोन बोटांची पेरं आठवत, त्या बोटांनी तिची वेणी घातलेली आठवे, आणि राग तिथे जाऊन अडून बसे, धड बाहेर पडेना, धड विझेना.

आठवड्याने व्यवस्थापकांनी तिला वर बोलावलं. त्यांच्या टेबलावर, दारापाशी ओढणं बंद करा म्हणून तिने दिलेला अर्ज होता आणि अर्जाला जोडलेलं डॉक्टरचं पत्र. समोर थोरले इंजिनिअर बसले होते, आणि आस्थापना विभागातली एक बाई लिहून घ्यायला. व्यवस्थापक फार सभ्य गृहस्थ. तिला बसायला सांगून त्यांनी पाणी मागवलं, तब्येत विचारली, खरोखर काळजीने विचारली. मग म्हणाले की आम्ही यावर गंभीरपणे विचार केलाय. तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला जुन्या आराखड्यांची खोली आहे, तिथे शांत आहे, स्वच्छ आहे, धुराचा संबंध नाही. तुम्ही तिथलं काम बघा. तळमजल्यावर आपण कॉम्प्युटरचा एक पडदा बसवू, येणारा माणूस स्वतःच त्यावर नाव टाकेल. तुमच्या तब्येतीसाठीच हे. थोरले इंजिनिअर मान हलवत होते. लिहून घेणारी लिहीत होती. खोलीतली तिघंही माणसं तिच्याकडे अशा दयाळू चेहऱ्याने बघत होती की तिला क्षणभर वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. आभार मानायला तोंड उघडलंसुद्धा. आणि उघडलेल्या तोंडात एकदम पत्र्यावर पावसाचा आवाज व्हायचा तसा आवाज झाला, गॅलरीतला, पडदा फडफडल्याचा, आईच्या उशीच्या कापसाचा ओलसर वास आला, आणि तिच्या लक्षात आलं की हे लोक उशी काखेत धरून उभे आहेत.

"मी हलणार नाही," ती म्हणाली.

व्यवस्थापकांना नीट ऐकू आलं नसावं. ते म्हणाले, खोलीला खिडकी आहे, ताई. ती म्हणाली, असू द्या. मी एकोणीस वर्षं जिथे बसते तिथेच बसणार. ज्यांनी हलायला हवं ते उभेच असतात, त्यांना हलणं सोपं आहे. थोरले इंजिनिअर हसले, त्यांना तो विनोद वाटला. ते स्वतः दिवसाला पाच वेळा खाली येत, आणि दर वेळी जाता येता तिला काय ताई म्हणत. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच हसली नाही. ते किती अवघड असतं हे तिला तेव्हा कळलं. गालाचे स्नायू आपोआप वर जायला बघत होते, त्यांना धरून ठेवावं लागत होतं, दार धरून ठेवावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने टेबलामागची खुर्ची उचलली, काखेत रजिस्टर घेतलं आणि बाहेर छताखाली, पाटीच्या बरोबर खाली खुर्ची टाकून बसली. वॉचमन धावत आला, ताई आत बसा ना, ऊन आहे. तिने त्याला सांगितलं, आलेल्याची नोंद घ्यायची आहे, कुठून घेतली काय फरक पडतो. नऊची पाळी बाहेर आली. तिला बघून थबकली. दोघं तसेच आत वळले. एक जण कुंडीच्या पलीकडे जाऊन पाठ फिरवून ओढायला लागला. तिने रजिस्टर उघडलं, घड्याळ बघितलं आणि त्याचं नाव, विभाग, बाहेर येण्याची वेळ लिहिली. तो विझवून आत गेला तेव्हा आत जाण्याची वेळ लिहिली. तिचं अक्षर वळणदार होतं, वडिलांनी गिरवून घेतलेलं. अकराला सात नावं झाली. जेवणानंतर एकोणीस. मध्ये मध्ये ती खोकत होती, पंप काढून छातीत मारत होती, दहापर्यंत मोजून श्वास सोडत होती आणि पुन्हा लिहीत होती. थोरले इंजिनिअर आले, तिच्यासमोरच पेटवली आणि पहिला झुरका तिच्या डोक्यावरून सोडला, काही झालंच नाही असं दाखवत. तिने त्यांचंही नाव लिहिलं, पदासकट. त्यांनी वाकून वाचलं. काहीतरी बोलायला गेले आणि ठसका लागला, आणि तिला त्याचा इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली, पण थोडीच. चार दिवस हे चाललं. चार दिवसांत रजिस्टराची अकरा पानं भरली. कोणी तिला ताई म्हणेनासं झालं. कोणी काहीच म्हणेनासं झालं. पाचव्या दिवशी व्यवस्थापक स्वतः खाली आले, पानं चाळली, आणि हळू आवाजात विचारलं, हे काय आहे. रजिस्टर, ती म्हणाली. दारातून कोण बाहेर गेलं आणि कोण आत आलं हे लिहिणं माझं काम आहे, तुमच्याच सहीच्या नेमणूकपत्रात आहे. व्यवस्थापक पानं चाळत राहिले. एका पानावर त्यांचा अंगठा थांबला. बहुतेक त्यांचंच नाव होतं.

त्या संध्याकाळी पेन्सिल आली. पेन्सिल म्हणजे चौथ्या मजल्यावरची, आराखडे काढणारी, काटकुळी, अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. सगळे तिला तसंच म्हणत आणि तिनेही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. चौदा वर्षं दोघी एकत्र डबा खात. हिच्या मुलीच्या बाळंतपणात पेन्सिलने हिच्या घरी येऊन आठ दिवस स्वयंपाक केला होता. तीही ओढायची, दिवसाला दोन, एक जेवणानंतर, एक चारला. ती समोर उभी राहिली, आणि आज तिच्या हातात काही नव्हतं.

"माझं नाव लिहिलंस?"

"लिहिलं."

"बरं केलंस. चौदा वर्षं मी त्या दारातून जाते येते. तू एकदा तरी म्हणालीस का, बाई, मला त्रास होतो? एकदा?"

"तुला दिसत नव्हतं?"

"तू हसायचीस गं," पेन्सिल म्हणाली. तिचा आवाज चिरला होता. "दार उघडलं की हसायचीस. मला वाटायचं, एक माणूस आहे या इमारतीत ज्याला माझं तोंड बघून बरं वाटतं. घरी सासूचं करायचं, इथे नकाशे करायचे, ती दहा मिनिटं तेवढी माझी होती. आणि तू आत बसून मनातल्या मनात माझ्या नावाने बोटं मोडत होतीस."

तिला सांगायचं होतं की मोडत नव्हते, हेच तर, मोडत नव्हते, मला स्वतःलाच माहीत नव्हतं. पण तेवढं लांब वाक्य छातीतून निघेना. तिला खोकला आला. पेन्सिलने सवयीने तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, आणि तो तसाच खाली घेतला. ती निघून गेली. दार तिच्यासाठी सरकलं आणि मिटलं. ती खुर्चीतच बसून राहिली. राग आता कोणावर धरायचा ते कळेना. पेन्सिलवर, की जिने चौदा वर्षं सांगितलं नाही त्या बाईवर, की जिने गॅलरीत झोपून छान वारं येतंय म्हटलं तिच्यावर. आई, तू का नाही ओरडलीस? एकदा ती काडेपेटी माझ्या हातातून हिसकावून घेतली असतीस तर मला कळलं असतं. अकरा वर्षांच्या मुलीला कोणीतरी सांगावं लागतं. तिने रजिस्टर मिटलं. मिटताना पान चुरगळलं, ते तिने सरळ केलं नाही.

पुढच्या सोमवारी छताखालची कुंडी गेली. परिपत्रक निघालं की प्रवेशदारापाशी धूम्रपान पूर्ण बंद, सोय इमारतीच्या मागच्या बाजूला करण्यात आली आहे. ती आत आपल्या टेबलामागे जाऊन बसली. दार उघडलं की नुसतं ऊन आत येई, गाड्यांचे आवाज येत. दोन आठवडे तिने पंप फक्त सकाळी घेतला. नवरा म्हणाला, बघ, झालं ना सगळं नीट. थोरले इंजिनिअर आता लिफ्टने थेट तळघरातून ये-जा करत. पेन्सिल वरच जेवत होती. ती एकटीच टेबलापाशी डबा उघडून बसे, आणि जिंकल्यासारखं वाटावं म्हणून वाट बघे.

मग एक दिवस तिच्या हातून पाण्याचा तांब्या टेबलावर कलंडला, रजिस्टर भिजायला लागलं, आणि फडकं मागायला ती मागच्या बाजूला गेली. तिथे सफाईच्या बायकांची खोली होती. एकोणीस वर्षांत ती तिथे चारपाच वेळा गेली असेल. अरुंद बोळ, एका बाजूला कंपाउंडची भिंत, एका बाजूला खोलीची एकुलती एक खिडकी. आणि खिडकीच्या खाली ती लोखंडी कुंडी. पंधरावीस माणसं बोळात दाटीवाटीने उभी होती, पुढे होती त्याहून जास्त, कारण इथे कोणी बघत नव्हतं. तिला बघून त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. आत चार बायका जमिनीवर बसून जेवत होत्या, खिडकी लावलेली, फटींत ओली फडकी कोंबलेली, दिवसाढवळ्या दिवा लावलेला. पंखा होता पण बंद ठेवला होता, तो धूर आत ओढतो म्हणून. सगळ्यांत म्हातारी, जिला इमारत मावशी म्हणे, तिने फडकं काढून दिलं. फडकं हातात घेऊन हिने विचारलं, हे कधीपासून. मावशी म्हणाली, तुमच्या परिपत्रकापासून. तसं बोलताना तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तारीख सांगावी तसं तिने सांगितलं. ती म्हणाली, मावशी, तुम्ही अर्ज द्या, मी लिहून देते, तुमचं नाव घालून. मावशीने बाकीच्या तिघींकडे बघितलं. त्या डब्यात बघत होत्या.

"माझं नाव नका लिहू," मावशी म्हणाली. "होते सवय. आम्हाला कुठे दिवसभर बसायचंय इथे." आणि ती हसली.

ते हसू बघितलं आणि तिचा इतके दिवस अडलेला राग मोकळा झाला. ती खोलीबाहेर आली, फडकं कमरेला खोचलं, आणि कुंडीची कड दोन्ही हातांनी धरून ओढली. वाळूने भरलेली, कमरेइतकी उंच, ती जेमतेम वीतभर सरकली. फरशीवर कर्कश आवाज झाला. बोळातली माणसं मागे सरकली. कोणी म्हणालं, ताई, अहो राहू द्या. तिने मान वर केली नाही. वीतभर, अजून वीतभर. बोळ संपून इमारतीच्या कोपऱ्याशी येईपर्यंत तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. तिने कुंडीला टेकून पंप काढला, मारला, दहापर्यंत मोजलं, पुन्हा वाकली. समोर गाड्यांचं आवार, त्यापलीकडे कंपाउंडची लांबची भिंत. तिथे ना छत, ना सावली, ना कोणाची खिडकी. तिथवर न्यायची. दार नको, खिडकी नको, कोणाची उशी नको. व्यवस्थापक वरच्या काचेतून बघत होते की नाही, तिला माहीत नव्हतं. कुंडीच्या मागे फरशीवर पांढरा ओरखडा उमटत चालला होता, आणि तिला वाटलं, हा टायरांनी नाही पुसला जायचा.

आवाराच्या मध्यावर तिचे हात सुटले. बोटांना रक्त आलं होतं. ती खाली बसली, डोकं कडेला टेकवून, आणि तेव्हा पलीकडच्या बाजूने कोणीतरी कुंडीला हात घातलेला दिसला. काटकुळे हात, नखांत शिशाची काळी पूड. पेन्सिलच्या ओठांत एक न पेटवलेली होती, त्यामुळे तिला धड बोलता येत नव्हतं. ती बोळात होती की कुठून आली, तिने विचारलं नाही. ऊठ, पेन्सिलने मानेनेच सांगितलं. दोघींनी ओढायला सुरुवात केली. एकीचा दम गेला की दुसरी थांबे. कोणी मदतीला आलं नाही. बोळातली माणसं कोपऱ्यापाशी गोळा होऊन बघत होती. भिंतीपाशी आल्यावर पेन्सिलने पाय लावून कुंडी सरळ केली, घाम पुसला, आणि ओठांतली हातात घेतली.

"मी सोडणार नाहीये ओढायचं," ती म्हणाली. "आणि तुला माफही केलेलं नाही."

"नको करूस," तिने म्हटलं. तिला अजून नीट श्वास येत नव्हता. "इथे ओढ."

पेन्सिलने काडी ओढली. वारं होतं, पहिली विझली. दुसरीही विझली. तिसरी तिने ओंजळीत धरली आणि पेटवली, आणि तोंड भिंतीकडे करून उन्हात उभी राहिली. पेन्सिलकडे पाठ करून ती परत निघाली. कोपऱ्याशी जमलेल्या माणसांतून जाताना तिने वाट मागितली नाही, आणि कोणाकडे बघून हसलीही नाही. मागच्या खोलीशी येऊन तिने बाहेरूनच खिडकीच्या फटीतली ओली फडकी एकेक करून उपसून काढली, तळहाताने काचेवर थाप मारली, आणि आतून कोणी कडी काढेपर्यंत मारत राहिली.